न टाकलेला दात

"सगळं खरं सांगू, का अर्धं?"

शमीमआपांना कुठल्याही मुलाने काहीही विचारलं ना, की आधी हे यायचं. हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि अगदी सिरियसली विचारायच्या. आणि मुलांना खरंच ठरवावं लागायचं! मी कितीतरी वेळा पाहिलंय, एवढंसं पोर ओठ दुमडून विचार करतंय की आपल्याला सगळं झेपेल का. बहुतेक जण घाबरून "हाफ, आपा, हाफ" म्हणायचे. मग आपा अर्धं सांगायच्या. "बाकीचं माझ्याजवळ हाय. मोठा झालास की येऊन घेऊन जा."

मला त्यांच्याबद्दल इतकं सांगायचंय की बोटं माझ्या पुढे पळतायत. थांबा, नीट सांगते.

आम्ही दोहात अल नस्रला राहतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आपा पहिल्या मजल्यावर. बिल्डिंगमधली बरीच मुलं शाळेच्या बसमधून उतरली की थेट आपांकडे जायची, आईबाबा ऑफिसातून येईपर्यंत. त्याला डे-केअर वगैरे काही नाव नव्हतं. "आपाकडे" एवढंच. मी घरून काम करते, कंपन्यांचे लोगो, ब्रोशर असलं डिझाइन. दुपारी जिन्यातून तांदळाच्या भाकरीचा आणि तळलेल्या बोंबलाचा वास आला की माझा लॅपटॉप आपोआप बंद व्हायचा. आईला सांगायचे, आपांना मुलं सांभाळायला मदत करते. मदत कसली, मी नुसती खायचे आणि बघायचे.

आपा दापोलीकडच्या. खाडीकाठचं गाव. अंगाने एवढ्याशा, पण आवाज असा की "यल्ला, हात धुवा!" म्हटलं की समोरच्या फ्लॅटमधला माणूसही हात धुवून येईल. सोफा होता त्यांच्याकडे, छान निळा, पण त्यावर त्यांना बसलेलं मी कधीच पाहिलं नाही. कायम खाली, भिंतीला टेकून, पाय लांब सोडून. मुलं त्या पायांवरून उड्या मारत जायची-यायची. मुलं बोलणार इंग्लिश, आपा बोलणार त्यांची कोकणी, आणि दोन्हीकडे सगळं कळायचं. दाऊदभाई, म्हणजे त्यांचे मिस्टर, मेसईदच्या एका प्लँटवर क्रेन चालवायचे. आठवडाभर तिकडच्याच कॅम्पमध्ये, गुरुवारी संध्याकाळी बसने घरी.

तर, ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय, त्या वर्षी दातांची साथ आली होती. खरंच साथ! पहिलीची सगळी पोरं एकदम. आज याचा हलतोय, उद्या तिचा पडला. आणि शाळेत त्यांच्या टीचरने टूथ फेअरीची गोष्ट वाचून दाखवलेली, त्यामुळे दुपारी आपांच्या हॉलमध्ये नुसता गोंधळ.

ओम नावाचा पुण्याचा एक मुलगा होता, सात वर्षांचा, वकील होणार हे तेव्हाच दिसत होतं. तो सुरुवात करायचा.

"आपा, टूथ फेअरी कतारमध्ये कशी येते? डझ शी हॅव अ क्यूआयडी?"

"रेसिडेन्सी कार्ड कशाला लागतं तिला? दात उचलायचा आणि जायचं. विझिटवर येत असेल."

"बट एसी चालू असतो. विंडोज आर क्लोज्ड."

"मग तू उघडी ठेव. लाइटबिल तुझा बाप भरेल."

आणि मग ईराने विचारलं. ईरा म्हणजे नाशिकच्या अमेयदादाची मुलगी, आमच्याच मजल्यावरची, सहा वर्षांची, डोळे मोठे मोठे. ती फार बोलायची नाही, पण बोलली की सगळे गप्प. "आपा, इज शी रिअल?"

"सगळं सांगू, का अर्धं?"

ईराने खूप वेळ घेतला. "हाफ."

"रात्री कोणीतरी उशीखाली हात घालतं. तेवढं खरं."

"कोण?"

"ते दुसऱ्या अर्ध्यात हाय."

मी हसले होते, पण मुलं हसली नाहीत. त्यांना ते पटलं. मला वाटतं, मुलांना खोटं सांगायचं नाही आणि परीलाही मारायचं नाही, याचा इतका भारी रस्ता मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेला नाही. माझ्या आईने मला सरळ सांगितलं होतं, "परीबिरी काही नसतं, झोप."

पण आपांच्या घरात परीला यायला मिळायचंच नाही. कारण आपांचा स्वतःचा एक नियम होता, आणि त्यात इकडचं तिकडे चालायचं नाही. दात पडला की त्याच दिवशी, त्याच वेळी टाकायचा. उंदराला. गावी कसं, कौलांवर दात फेकायचा आणि उंदराला सांगायचं, जुना घे आणि तुझ्यासारखा पांढरा दे. आता अल नस्रमध्ये कौलं कुठून आणणार? टेरेसला कुलूप. मग आपांनी पार्किंगमधली नातूरची केबिन शोधून काढली होती. नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, इथे सगळे तसंच म्हणतात. केबिनला पत्र्याचं उतरतं छप्पर. "कौल नाय तर पत्रा. उंदराला काय फरक पडतो?"

म्हणजे विचार करा, बाहेर ऊन असं की चप्पल वितळेल, आणि भर दुपारी ही वरात खाली. पुढे आपा दुपट्टा डोक्यावर ओढून, मागे अर्धवट जेवलेली पोरं, ज्याचा दात पडलाय तो रक्ताळलेला टिश्यू तोंडात धरून. मग नेम धरून दात फेकायचा. पत्र्यावर टण् असा इतका बारीक आवाज यायचा की सगळ्यांनी श्वास रोखला तरच ऐकू यायचा.

आतून रफीकभाई नातूर ओरडायचे, "आपा, फिर से? ये दाँतों की बारिश कब रुकेगी?"

"बच्चे बड़े होंगे तब रुकेगी!"

खालच्या मजल्यावरचा यूसुफ, जॉर्डनचा, त्याचा दात पडला तेव्हा तर वादच. तो म्हणाला, आमच्याकडे सूर्याकडे फेकतात. सूर्याला सांगायचं, गाढवाचा दात घे आणि हरणाचा दे. ओम लगेच, "सो यू आर द डाँकी!" मारामारी व्हायची वेळ आली. आपांनी निकाल दिला की सूर्यही वरच आहे आणि पत्राही वरच आहे, यूसुफने सूर्याकडे बघून पत्र्यावर टाकावा. तसं झालं. यूसुफ डोळे मिटून फेकत होता आणि आपा त्याच्यासाठी अरबी वाक्य चुकतमाकत म्हणत होत्या.

आणि दाऊदभाईंची दाढ! एका गुरुवारी ते गाल सुजवून आले, मेसईदच्या क्लिनिकमध्ये दाढ काढलेली. मुलांना काय, पर्वणीच. "अंकल, टूथ कुठे? चला ना, टाकू या!" दाऊदभाई कापूस चावत म्हणाले, "अरे बाबांनो, माझा दात टाकून उंदीर मना काय देणार? कवळी?" पोरं हसून हसून लोळली. आपाही हसल्या. पण मग त्यांनी दाऊदभाईंच्या खिशातून ती दाढ काढून घेतली आणि म्हणाल्या, "चला. टाकून टाकू. घरात ठेवायचा नाय." दाऊदभाई सुजलेला गाल धरून मुकाट्याने खाली गेले. मला तेव्हा ते नुसतं क्यूट वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र मी आधीपासून पाहत होते. दात टाकून झाला की मुलं धावत वर जायची, लिफ्टसाठी भांडायची. आपा मागे राहायच्या. त्या उन्हात, केबिनसमोर, पत्र्याकडे बघत. एकदा मी हाक मारली, "आपा, चला ना, चक्कर येईल." त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोण हे त्यांना आठवावं लागतंय. मग म्हणाल्या, "हां, चल. रस्सा आटला असेल."

मग ईराचा दात पडला.

तिची आई, प्राजक्ताताई, तेव्हा नाशिकला होती. ईराच्या आजीचं ऑपरेशन निघालं होतं आणि प्राजक्ताताई दोन आठवड्यांसाठी म्हणून गेली होती. ईरा दुपारी आपांकडे, संध्याकाळी बाबाकडे. पहिलाच दात, खालचा, पुढचा. चिकूची फोड खाताना पडला. ती रडलीच नाही. तळहातावर घेऊन बघत बसली. सगळे ओरडले, चला चला, पत्रा पत्रा! आणि ईरा म्हणाली, "नो. आय विल वेट. मम्मा आल्यावर. मी आणि मम्मा टाकणार."

आपा ताट घासत होत्या. आतून आल्या. हाताला साबण तसाच.

"काय बोललीस?"

"मम्मासाठी ठेवणार."

"नाय. आत्ता टाकायचा."

"बट आपा, शी हॅजन्ट सीन इट!"

"आत्ता टाकायचा बोलले ना! दे. दे इकडे!"

मी आपांना मुलांवर असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ईराचं मनगट धरलं. साबणामुळे ते निसटलं, ईरा मूठ घट्ट मिटून बाथरूममध्ये पळाली आणि आतून कडी लावली. आणि मग ओम अगदी हळू मला म्हणाला, "सईदीदी, आपाने विचारलंच नाही. फुल की हाफ."

आपा बाथरूमच्या दाराला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. "ईरा बाय, ऐक माझं. मम्मीला फोटो पाठवू. व्हिडिओ करू. दात टाक गो. ठेवू नको." आतून नुसता नळाचा आवाज. संध्याकाळी अमेयदादा आला तेव्हा ती बाहेर आली. तो बिचारा काय बोलणार? "राहू दे ना आपा. तेवढीच तिला आईबरोबरची गंमत. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे." आपा म्हणाल्या, "हां. तुमची मुलगी. ठीक हाय." पण अमेयदादा ईराला घेऊन लिफ्टमध्ये शिरला, तेव्हा दार बंद होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मुलं यायच्या आधीच खाली गेले. आपा किचनमध्ये जमिनीवर बसून ओले बोंबील साफ करत होत्या. मी काही विचारलं नाही. खरंच नाही विचारलं, नुसती शेजारी बसले. त्यांनी बोंबलावरची नजर उचललीच नाही.

"जुनैद माझा. सातवं लागलेलं."

मला माहितीच नव्हतं त्यांना मूल होतं हे. इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये!

"मी इथं विझिटवर आलेली. ह्यांना भेटायला. त्याची शाळा बुडेल म्हणून त्याला दादीजवळ ठेवला. एक दिवस फोनवर बोलला, अम्मी, दात पडला. दादी बोलतेय कौलावर टाक. मी बोलले, नको, थांब. ठेव. मी येते, मग आपण दोघं मिळून टाकू." त्यांनी पाण्यात हात बुडवला. "पहिला दात ना. मना बघायचा होता."

"मग?"

"मग काय. पोरांबरोबर खाडीत कुर्ल्या पकडायला गेला. भरती आली."

किचनमधला एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. मला इतकंच आठवतंय.

"मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. सगळी रडतायत, आणि मी दात शोधतेय. लोकांना वाटलं ही गेली कामातून. दप्तर, कंपास, शर्टाचे खिसे. तांदळाचं पिंप ओतलं मी, सई. नाय मिळाला. कोणाला माहीत नाय, दादीला नाय, त्याच्या दोस्तांना नाय. नंतर मना त्या घरात झोपच लागेना, म्हणून ह्यांनी इकडे आणली. पण दर सुट्टीत जाते तेव्हा शोधते. अजून."

"आपा, पण दाताचा आणि भरतीचा काय संबंध..."

"मना कळत नाय काय? मी काय खुळी हाय?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. "आमच्यात म्हणतात, दात टाकला की पोर पुढे सरकतं. ठेवला की तिथंच राहतं. मी त्याला थांब बोलले. आणि तो थांबला."

मग त्यांनीच पुढचं सांगितलं, आणि ते मला जास्त भयानक वाटलं. त्यांना एक आशा होती. पोरं कुठे ऐकतात? कदाचित जुनैदने त्यांचं ऐकलंच नसेल. दात तेव्हाच कौलांवर टाकून दिला असेल आणि फोनवर नुसतं हो म्हणाला असेल. तसं असेल तर तो दात अजून वर, कौलांच्या सांध्यात कुठेतरी अडकलेला असणार. आणि मग आपांचा त्या "थांब"शी काही संबंध उरत नाही.

"मग बघितलं नाही कोणी वर चढून?"

"माझा दीर सारखा मागे लागलाय. भाभी, घर गळतंय, कौलं उतरवू, स्लॅब टाकू. मी त्याला हात लावू देत नाय." त्यांनी बोंबलाचं डोकं कापलं. "वर चढला की बघणार. बघितलं की कळणार. आणि नाय मिळाला तर? मग मी काय करू?"

बस खाली लागल्याचा हॉर्न वाजला. आपा उठल्या, हात धुतले, दार उघडलं. "यल्ला, बुटं बाहेर काढा!" तोच आवाज.

दोन आठवडे म्हणता म्हणता प्राजक्ताताईचं येणं लांबतच गेलं. आजींना परत ॲडमिट करावं लागलं. ईराने तो दात पुदिन्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला होता आणि डबी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. चालताना खुळखुळ वाजायची. आम्हाला सवय झाली. आपांना नाही झाली. जिन्यात तो आवाज आला की त्यांचं बोलणं मध्येच तुटायचं.

त्या ईराचा हात सोडेनात. बसपासून दारापर्यंत मनगट धरून. शुक्रवारी सगळी मुलं समोरच्या क्लबच्या पूलमध्ये जायची, तर आपांनी अमेयदादाला फोन करून सांगितलं, तिला पाठवू नका, मला बरं वाटत नाही. यांना बरं वाटत नाही आणि ईराने जायचं नाही! अमेयदादाला कळेना, पण त्याने ऐकलं. ईराला साधी शिंक आली तरी कपाळाला हात. एकदा मला भर मीटिंगमध्ये फोन, "सई, लवकर ये, पोर गरम लागतंय." मी धावत खाली गेले तर ईरा उन्हातून आलेली, बाकी काही नाही, मजेत कार्टून बघतेय.

आणि एकदा आम्ही समोर किराणा आणायला गेलो होतो. रस्ता ओलांडताना ईरा हात सोडवून पुढे पळाली. गाडी लांब होती, खूप लांब. पण आपा किंचाळल्या, "जुनैद!"

ईरा थांबली. मागे वळून म्हणाली, "हू?"

आपांनी तिचं मनगट धरलं. घरी येईपर्यंत सोडलं नाही. घरी आल्यावर ईरा त्यांच्या लांब सोडलेल्या पायांवर येऊन बसली. "आपा, हू इज जुनैद?"

मी म्हटलं, झालं. आता विचारतील, सगळं की अर्धं. पण ईराच आधी बोलली. "फुल," ती म्हणाली. "आय वाँट फुल."

आणि आपांनी सांगितलं. सगळं. दात, फोन, खाडी. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. मी मनात म्हटलं, ही सहा वर्षांची मुलगी, आई जवळ नाही, हिला काय वाटेल! ईराने डबी काढली, आपांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तू ठेव. मी हरवेन." एवढंच. मग ती खेळायला गेली. आपांनी डबी कानाजवळ नेली, हलवली, आणि पुढचे कित्येक दिवस ती त्यांच्या गाउनच्या खिशात असायची.

त्यानंतर जे झालं ना, ते इतकं साधं आहे की सांगताना मला भीती वाटतेय, तुम्ही म्हणाल, बस, एवढंच? दुपारचं जेवण. मक्याची कणसं. ईराने एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आपा, समथिंग इज पोकिंग."

"काटा? दाखव."

ती तोंड उघडून उभी राहिली. आपांनी चष्मा खाली ओढला, मान वाकडी केली, तिला खिडकीजवळ नेलं. हात धुवून आल्या आणि बोटाचं टोक हिरडीवर ठेवलं. आणि बोट तिथेच राहिलं.

"सई. बघ गो."

तांदळाच्या कणीएवढी पांढरी धार. नवा दात.

"पण हिचा तर अजून..." आपांनी खिसा चाचपला. "हा तर डबीत हाय. टाकलाच नाय. मग कसा आला?"

ओम कणीस चघळत म्हणाला, "ऑफ कोर्स आला. तो आधीच आत असतो."

"आत असतो म्हणजे?"

"सायन्समध्ये एक्स-रेचं पिक्चर होतं. सगळे नवे टीथ आतच असतात, जुन्यांच्या खाली. बेबी असल्यापासून. दे आर जस्ट वेटिंग." मग त्याला जरा वाईट वाटलं असावं. "उंदीरला काही करावं नाही लागत. सॉरी, आपा."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"सहा-सात वर्षांच्या पोराच्या पण?"

"एव्हरीबडी, आपा!"

ईरा अजून तोंड उघडं ठेवून उभी होती. आपांनी परत बोट लावलं. एकदा, दोनदा. "दुखतंय?" ईराने नाही म्हणून मान हलवली. "परत आ कर." शेवटी ती वैतागली, "आपा, इनफ! माझं कॉर्न थंड होतंय." आपा किचनमध्ये गेल्या. दार लोटलं. नळ सुरू झाला आणि खूप वेळ चालूच राहिला. मुलं मला विचारत होती, आपा काय धुतेय. मी म्हटलं, ताटं. ताटं सगळी बाहेरच होती.

नळ बंद झाला तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, फोनवर. दिराला. "हां. उतरवा. पाऊस लागायच्या आधी." मग जरा थांबून, "नाय, तसं काय नाय. शोधू नका. नुसती उतरवा."

प्राजक्ताताई परत आली त्या वीकेंडला. आणि ईरा! ईराला दाताची आठवणच नाही चार-पाच दिवस, आईला चिकटून बसलेली नुसती. मग आपांनीच डबी वर पाठवली. त्या दोघी पार्किंगमध्ये गेल्या, मी व्हिडिओ काढला, टण् वाजलं, रफीकभाई ओरडले. मी आपांना बोलवायला गेले होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. माझी डाळ उकळतेय."

त्याच महिन्यात दाऊदभाईंना मेसईदला कंपनीचं फॅमिली क्वार्टर मिळालं आणि आपा तिकडे गेल्या. फोन होतात अधूनमधून, पण भेट नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते जायच्या आधीच्या आठवड्यात.

मी दुपारी खाली गेले. दार उघडंच होतं. खोके भरलेले, तो निळा सोफा कोणीतरी घेऊन गेलेला, हॉल रिकामा. आपा भिंतीला टेकून, पाय लांब सोडून, समोर एका खोक्यावर फोन उभा करून ठेवलेला. व्हिडिओ कॉल. त्यांचं गावचं घर. वर दोन माणसं आडव्या वाशांवर बसलेली आणि हातातून हातात कौलं खाली देतायत. धूळ उडतेय, दिराचा आवाज येतोय, "संभाळून रे, संभाळून." दर कौल निघालं की आभाळाचा एक तुकडा दिसायचा.

मी आत पाऊल टाकलं. त्यांनी हाताने खूण केली, बस. मी बसले. मला सगळा वेळ वाटत होतं, आता कोणीतरी ओरडेल, भाभी, मिळाला. त्यांनाही वाटत असणार. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट होते. पण कोणी ओरडलं नाही. शेवटची ओळ निघाली. दीर फोनजवळ आला, घामाघूम, केसांत धूळ. त्याचा चेहरा असा की त्याला काहीतरी सांगायचंय आणि सांगू का नको कळत नाही. "भाभी," तो म्हणाला, "मी बघत होतो..."

"राहू दे," आपा म्हणाल्या. "मना सांगू नको."

मग आपा पुढे झुकल्या, फोनच्या अगदी जवळ.

"फोन खाली धर जरा. नाय, तिकडं. मधल्या खोलीत. खिडकीच्या खाली, जिथं तो झोपायचा."

फोन हलला, भिंती फिरल्या, आणि मग जमीन दिसली. त्या जमिनीवर ऊन पडलं होतं. सगळीकडे, कोपऱ्यापर्यंत.

"तिथं ऊन कधी यायचंच नाय," आपा मला म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. "कायम ओल."

मग दिराला म्हणाल्या, "असाच धर. थोडा वेळ."

तो बिचारा फोन धरून उभा राहिला. खाली बस लागली, हॉर्न वाजला. मी उठले, मुलांना आणायला मी जाते म्हटलं. दारातून वळून बघितलं तर त्या तशाच, रिकाम्या हॉलमध्ये, फोनच्या पुढ्यात, त्या उन्हाकडे बघत बसलेल्या.